घरचं उळं

आबांनी तन्मयीला घरचं उळं दिलं, हे मला आबांनी सांगितलं नाही. तन्मयीनंच सांगितलं, संशोधन केंद्राच्या कँटीनमध्ये, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता.

“मॅडम, तुमचे आबा किती मोकळे आहेत. मी नुसतं विचारलं, तर त्यांनी डबाच पुढं ठेवला.”

मी ‘छान’ म्हटलं आणि पोहे तसेच टाकून उठले. मीटिंग आहे म्हणून सांगितलं. मीटिंग वगैरे काही नव्हती.

उळं म्हणजे कांद्याचं बी. काळं, बारीक, हाताला जरा खरखरीत लागणारं. आमच्या निफाडकडच्या जुन्या घरांत ते दुकानातून आणत नाहीत, राखतात. चाळीत, म्हणजे कांदे साठवायच्या बांबूच्या कोठारात, ठेवलेल्या कांद्यांतून निवडक कांदे काढायचे, हिवाळ्याच्या तोंडाशी पुन्हा जमिनीत लावायचे, मग त्यांना लांब दांडे येतात आणि दांड्यांवर पांढरे गोंडे. हे डोंगळे. गोंड्यात उन्हाळ्यापर्यंत उळं भरतं. आता यातली खोच अशी, की हे बी टिकत नाही. दुसऱ्या वर्षी निम्मं उगवतं, तिसऱ्या वर्षी जवळपास नाहीच. म्हणून दर हिवाळ्याला डोंगळे लावावेच लागतात. दोन हिवाळे चुकले की त्या घरचा कांदा जगातून गेला.

आमचा ढोमशांचा कांदा चार पिढ्यांचा. दिसायला काही खास नाही, मध्यम, गुलाबीसर. पण एप्रिलमध्ये चाळीत भरला की दिवाळीपर्यंत झोपून राहतो. ना सडतो, ना कोंब काढतो. आजूबाजूची गावं त्या उळ्यासाठी आबांच्या मागे लागायची आणि आबा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, घरचं उळं बाहेर जात नाही.

हेच उत्तर त्यांनी मलाही, पोटच्या मुलीला, दिलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी. मी शेतकी कॉलेजातून डॉक्टरेट करून नुकतीच केंद्रात लागले होते, माझं लग्न ठरलं होतं आणि मला टिकणाऱ्या कांद्यावर काम करायचं होतं. मी आबांकडे मूठभर उळं मागितलं. ते म्हणाले, “हर्षदा, तू आता कातकाड्यांची. घरचं उळं बाहेर जात नाही.” भाऊ होता तेव्हा घरात. तो नंतर पुण्याला मोटारींच्या कारखान्यात गेला, आणि त्याला आजही कांदा धड चिरता येत नाही. पण उळ्याचा वारस तो.

मग मी चोरलं. सांगून टाकते, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल. पाठवणीच्या वेळी आईनं माझी ओटी भरली, तांदूळ, नारळ, हळकुंड. त्याआधी तासभर मी कोठीच्या खोलीत जाऊन डब्यातून मूठभर उळं काढून पदराच्या टोकाला बांधलं होतं. ओटीचे तांदूळ पदरात पडल्यावर ती गाठ सुटली, की मीच सोडली, आता आठवत नाही. सासरी पहिल्या सकाळी मी ताटात तांदूळ घेऊन त्यातून एकेक काळा दाणा वेचत बसले होते. सासूबाईंना वाटलं सून फार स्वच्छ आहे. पुढं बारा वर्षं त्या चारचौघींत माझं ते कौतुक सांगायच्या.

तेव्हापासून दर हिवाळ्याला मी केंद्राच्या क्वार्टर्समागे, जाळीखाली, चाळीसेक डोंगळे लावत आले. मधमाश्या आत आल्या तर आजूबाजूच्या कांद्यांचे पराग घेऊन येणार आणि वाण बाटणार. म्हणून जाळी. आणि मधमाश्या नाहीत म्हणून मी स्वतः, रोज सकाळी, एका गोंड्यावरून दुसऱ्यावर तळहात फिरवायची. चोवीस हिवाळे. त्यातूनच पुढं मी केंद्राचा साठवणीचा वाण काढला. त्याला सतरा वर्षं लागली. नोंदणीच्या कागदावर मूळ वाणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘स्थानिक, स्रोत अज्ञात’. माझा सख्खा बाप, अज्ञात.

आणि ही पोरगी विचारते काय, आबा डबा पुढं ठेवतात काय.

तन्मयी सानप माझीच विद्यार्थिनी. हुशार, कामाला वाघ, आणि वर स्वभावानं चांगली. हा शेवटचा गुण मला सगळ्यात जास्त खुपायचा, कारण माणूस आढ्यताखोर असला की त्याचा राग करायला बरं पडतं. परदेशात सहा वर्षं काढून ती परत आली ती एक तंत्र घेऊन आली. त्याला आम्ही केंद्रात साधं ‘छाटणी’ म्हणायचो.

आता थोडं विज्ञान. कंटाळा करू नका, गोष्ट त्यावरच उभी आहे. पेशीत डीएनएचा धागा असतो आणि त्यावर चारच अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला असतो. माणसाचा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. त्यातला शंभरात दीड-दोन भाग तेवढा प्रथिनं कशी बनवायची ते सांगतो. उरलेल्यात काही स्विच असतात, कुठलं जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, ते ठरवणारे. आणि त्याहून उरतो तो पसारा. त्याच त्याच तुकड्यांच्या लाखो नकला, जुन्या विषाणूंचे अवशेष, मोडकी जनुकं. या पसाऱ्याला काही काम आहे का, यावर शास्त्रज्ञ किती वर्षं भांडतायत. आणि भांडणात कांद्याला हटकून साक्षीला उभं करतात, कारण कांद्याचा मजकूर सोळाशे कोटी अक्षरांचा आहे. तुमच्याआमच्या पाचपट. पसाऱ्यातल्या प्रत्येक अक्षराला काम असेल, तर माणसाला पडत नाही असं कुठलं मोठं काम कांद्याला पडलंय?

तन्मयीचं म्हणणं सरळ होतं. काही काम नाही. तिनं जनुकं ठेवली, स्विच ठेवले, आणि मधल्या नकलांतली हजार कोटी अक्षरं छाटून टाकली. उरली सहाशे कोटी. कांदा मरायला हवा होता. तो मेला नाही, उलट सुसाट वाढला. इतर कांदे लागवडीनंतर चार महिने घेतात, हा सत्तर दिवसांत काढणीला आला. त्याचं नाव तिनं ‘हलका’ ठेवलं. दोन हजार बेचाळीस साली बातम्यांत दुसरं काही नव्हतं. माझा वाण आला होता तेव्हा पेपरात सातव्या पानावर, पाणीकपातीच्या सूचनेखाली, चार ओळी आल्या होत्या.

आणि हा हलका कांदा तिनं ज्या उळ्यावरून केला, ते आमचं. ढोमशांचं.

आबा एकोणऐंशीचे. आई गेल्यापासून एकटेच राहतात, चाळीच्या बाजूला. तन्मयी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागली. मी महिन्यातून एकदा जायची. मी गेले की आबा तिच्याबद्दलच बोलायचे. तनूनं हे आणलं, तनूनं ते सांगितलं. पन्नास वर्षांत त्यांनी माझं नाव कधी लहान केलं नाही, मी आपली पूर्ण हर्षदा. ही चार वर्षांत तनू झाली. ती त्यांना आबा म्हणायची, तेही माझ्यासमोर.

एकदा मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून त्यांना छाटणी समजावून सांगत होती. कांद्याच्या पेशीत नुसत्या चिंध्या भरल्यात आबा, कुणी पूर्वी टाकलेल्या, त्या मी काढल्या. आबा मान हलवत होते. माझं काम काय आहे ते मी त्यांना किती वेळा सांगायला गेले असेन, पण ते मध्येच बैलाला पाणी दाखवायला उठायचे. बैल विकून आठ वर्षं झाली होती, तरी उठायचे.

त्या डिसेंबरात आबांनी सगळं रान हलक्याला दिलं. फक्त विहिरीकडचा अर्ध्या एकराचा तुकडा जुन्या कांद्याला, तोही डब्यातलं शेवटचं उळं वाया जाऊ नये म्हणून. फेब्रुवारीच्या शेवटाला हलका निघाला, एप्रिलमध्ये जुना. चाळीचे सहा कप्पे हलक्याचे आणि एक जुन्याचा. हलका म्हणजे आपलाच कांदा आहे, नुसता पाठीवरचा बोजा उतरवलेला, असं आबा सगळ्यांना सांगत सुटले. डब्यात आता तन्मयीनं दिलेलं हलक्याचं उळं होतं, कारण त्या हिवाळ्यात आबांनी जुन्याचे डोंगळे लावलेच नव्हते. येत्या हिवाळ्यात डोंगळेही हलक्याचेच लावायचं ठरत होतं, पण जुने थोडे निवडून ठेवतो म्हणाले होते.

तन्मयीनं चाळीत कप्प्याकप्प्याला वास ओळखणारी छोटी यंत्रं टांगली होती. कुठे सड लागली तर आबांच्या फोनवर लाल खूण. सगळीकडे हिरवं होतं.

आता इथे एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्या आली होती. पहिल्या दोन वर्षांत हलक्याचे कांदे इतके थोडे होते की कुणी ते साठवून पाहिलेच नाहीत. काढले की महिन्याभरात पुन्हा लावायचे, बी वाढवायच्या घाईत. आणि ते लगेच फुटायचे. याचं सगळ्यांना कोण कौतुक, बघा, किती तरतरीत. चांगला कांदा काढल्यानंतर महिन्यात फुटता कामा नये. तो झोपायला हवा. केंद्रातले बाकीचे सगळे पानं-फुलं-रोग पाहणारे, साठवण पाहणारी मी एकटी. मी काही बोलले नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

मे संपताना तन्मयीनं विचारलं. रीतसर. हलक्याच्या साठवणीवर तुमचा अहवाल हवा मॅडम, यातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. गोड बोलण्यातही ती कमी पडायची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चाळीतून दोन पिशव्या मागवून घेतल्या, एक हलक्याची, एक जुन्याची. कांदा मुळापासून शेंड्यापर्यंत उभा कापला की मधोमध पुढचा कोंब दिसतो, झोपलेला. जुन्या कांद्यात तो तांदळाच्या दाण्याएवढा होता. हलक्यात तो अर्ध्या कांद्यापर्यंत चढला होता. मी वीस कापले, वीसही तसेच. मग शाळेत सगळ्यांना पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात तसा कांद्याचा पापुद्रा काढून पाहिला. हलक्याच्या पेशी निम्म्याहून लहान.

मला उलगडा झाला. पेशीला दोन व्हायचं तर आधी सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो, कामाचाही आणि बिनकामाचाही. सोळाशे कोटी अक्षरं उतरवायला वेळ लागतो. तो धागा मावायला पेशीही मोठी लागते. म्हणून कांदा मुळात संथ, आणि म्हणूनच त्याला जागं व्हायला महिने लागतात. तन्मयीनं मजकूर छाटला, उतरवण्याचं काम झटपट होऊ लागलं, कांदा सत्तर दिवसांत आला. पण ज्या घाईनं तो वाढला त्याच घाईनं तो जागा होणार होता. त्या हजार कोटी अक्षरांत काय लिहिलंय याला खरंच काही अर्थ नव्हता. ती तिथे होती, एवढंच त्यांचं काम. याला ‘काम’ म्हणायचं का, यावर पुढं शास्त्रज्ञ आणखी भांडतील. चाळीला त्याचं काही नव्हतं. उन्हाळ्याच्या उकाड्यानं ती अजून दबून होती, पावसाची गार हवा लागली की सहा आठवड्यांत फुटणार होती.

मी अहवाल लिहिला. दोन पानं. हलका साठवू नये, ताबडतोब विकावा, मूळ वाणाचे डोंगळे चुकवू नयेत. आणि मग तो पाठवला नाही.

का, ते नीट सांगते. मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, लोक म्हणतील हिच्या पोटात दुखतंय. आणि पोटात दुखत होतंच, हीच तर पंचाईत. मी खरं बोलले असते तरी ते माझ्या तोंडी खोटं वाटलं असतं. पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की चाळ फुटलेली मला पाहायची होती. आबांनी ती पाहावी, तन्मयीसमोर पाहावी, आणि त्यानंतर त्यांनी माझ्याकडे वळून पाहावं. वाण बुडायची भीती मला नव्हती. माझ्या जाळीखाली तो होताच की.

तन्मयीचे तीन फोन आले. “मॅडम, कापून बघितले का?” मी तिन्ही वेळा म्हटलं, बघते.

अहवाल लिहिल्याच्या अकराव्या दिवशी आबांचा फोन. आवाज खूश. जुन्या कांद्याला भाव चांगला आला म्हणून सगळा कप्पा देऊन टाकला होता. निवडून ठेवलेलेसुद्धा. मी विचारलं, डोंगळ्यांना काही ठेवलेत की नाही. ते म्हणाले, “कशाला? हलका आहे की. आपलाच तर हाये.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्या दिवशी गाडी काढून बाजार समितीत गेले असते तर कदाचित दोन-चार गोण्या हाताला लागल्या असत्या. मी गेले नाही. फोन ठेवल्यावर मी जाळीकडे गेले, जून होता, तिथे नुसती ढेकळं होती. मी तिथे उभी राहिले आणि लाज वाटण्याऐवजी मला एक वाईट आनंद झाला. आता जगात तो कांदा फक्त माझ्याकडे होता. भावाकडे नाही, तन्मयीकडे नाही, आबांकडेसुद्धा नाही.

तो आनंद जेमतेम महिनाभर टिकला.

जुलैच्या मध्याला तन्मयीनं फोन केला. “मॅडम, आबांकडे या.” एवढंच. तिच्या आवाजावरून कळलं. मी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. लांबून वाटलं चाळीवर गवत उगवलंय. बांबूच्या फटीफटींतून हिरवे कोंब बाहेर आले होते, सहाच्या सहा कप्प्यांतून, एका उंचीचे, एका दिवशी उठल्यासारखे. यंत्रांच्या खुणा अजून हिरव्याच होत्या, कारण सडलं काहीच नव्हतं.

आबा खालच्या फळीपाशी उकिडवे बसले होते. त्यांची जुनी सवय, रोज सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब पाहायची. हल्ली यंत्रांमुळे त्यांनी ती सोडली होती. आता त्यांनी हात घातला, एक कांदा काढला, दाबून पाहिला. कांदा पोकळ झाला होता, सगळं बळ कोंबानं ओढून घेतलं होतं.

“कुजका एक नाही,” ते म्हणाले. “सगळे जिते हायेत. नुसते उठलेत.”

तन्मयी खांबाला टेकून उभी होती. तिला एव्हाना समजलं होतं, तिनं सकाळीच कांदे कापले होते. तिनं आबांना सगळं सांगितलं, काही न लपवता, चूक माझी आहे म्हणून. मजकूर कमी म्हणून उतरवणं लवकर, म्हणून वाढ लवकर, म्हणून जाग लवकर. अगदी मी अहवालात लिहिलं होतं तसंच, फक्त माझ्यापेक्षा कमी शब्दांत. त्याही क्षणी मला ते बोचलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चिंध्या म्हणाली होतीस तू.”

“हो आबा.”

“गोधडीत चिंध्याच असतात, पोरी. त्यावर काय लिहिलेलं असतं का? गोधडी उसवली तुम्ही त्याची. मग तो झोपंल कसा?”

मग आबांनी जुन्या कांद्याचं विचारलं. तुझ्या थंड कपाटात असंल ना माझं उळं, असं त्यांनी तिला विचारलं, आणि तिनं मान खाली घातली. दिलेलं सगळं तिनं रुजवून प्रयोगात वापरलं होतं. मजकूर संगणकात होता, पण जनुकांचा आणि स्विचांचा. नकला इतक्या सारख्या होत्या की तिनं त्या ओळीनं लावून ठेवण्याची तसदी घेतली नव्हती. जे टाकायचंच होतं त्याची नोंद कोण ठेवतो? आबा उठले, आत गेले, डबा घेऊन आले, उघडून पाहिला आणि पुन्हा झाकला. त्यात हलक्याचं उळं होतं. चार पिढ्यांचा कांदा त्यांनी स्वतःच्या हातानं विकला होता, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्यांचा चेहरा मी आईच्या वेळीही असा पाहिला नव्हता.

तन्मयीनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही तिनं.

“मॅडम, तुम्ही कापून बघितले होते ना?”

नाही म्हणता आलं असतं. तिनं मानलंही असतं. पण आबा माझ्याकडे पाहत होते. ज्या नजरेसाठी मी हे सगळं केलं, ती आली होती, आणि ती अशी होती.

“हो,” मी म्हटलं. “जूनच्या पहिल्या आठवड्यात. अहवाल लिहून ठेवलाय. दिला नाही.”

“का?”

“तुला दिलं म्हणून,” मी म्हटलं, आणि मग तिच्याकडे न बघता आबांना म्हटलं, “तिला दिलंत, मला नाही दिलंत.”

मग मी बाकीचं सांगितलं. कोठीची खोली, पदराची गाठ, ताटातले तांदूळ. जाळी. ‘स्रोत अज्ञात’. मध्ये कुणी थांबवलं नाही, म्हणून शेवटपर्यंत सांगितलं. गाडीत मागच्या सीटवर स्टीलचा डबा होता, मी सकाळी निघताना तो का घेतला हे माझं मलाच माहीत नव्हतं. तो आणून आबांच्या समोर ठेवला. या मे महिन्यातलं उळं, शेर-दीड शेर.

आबांनी डबा उघडला. चिमूटभर उळं तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, दाताखाली एक दाणा फोडला. मला वाटलं आता डबा भिरकावतील, नाहीतर चोर म्हणतील. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

“जाळीत दाणा भरत नाही,” ते म्हणाले. “माशी लागती त्याला.”

“मी हातानं करते. रोज सकाळी.”

“चोवीस वर्षं?”

“हो.”

त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, तळवा पाहिला. आता त्यात पाहण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. मग हात सोडला. डबा झाकला आणि माझ्याच हातात ठेवला.

“हे आता तुझं घरचं,” ते म्हणाले. “माझं गेलं. मी विकून बसलो.” जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, “मला देशील का थोडं, हर्षदा? डोंगळ्यापुरतं.”

मला रडू फुटलं. पन्नाशीची बाई, चाळीच्या दारात, विद्यार्थिनीसमोर. मी उळं काढून त्यांच्या डब्याच्या उलट्या झाकणात ओतलं, झाकण उथळ म्हणून थोडं जमिनीवरही सांडलं. आबा लगेच खाली बसून ते वेचायला लागले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. पुढंही कधी म्हणाले नाहीत. त्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हाही त्यांनी मला अहवालाचा विषय काढून तासभर बोलून घेतलं.

तन्मयी अजून खांबापाशीच होती. तिची चार वर्षं त्या चाळीतून हिरवी होऊन बाहेर आली होती. मला वाटलं ती निघून जाईल. ती माझ्यापाशी आली.

“मॅडम,” ती म्हणाली, “या वेळी अर्धंच छाटून बघायचंय. कुठपर्यंत काढलं तर झोप राहते ते. मूळ उळं लागेल. द्याल?”

दीड महिना अहवाल दाबून ठेवल्याचा हिशेब तिनं मागितला नाही. मागायला हवा होता.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. घरचं उळं बाहेर जात नाही. अगदी जिभेच्या टोकावर, आबांच्याच आवाजात. मी आबांकडे पाहिलं. ते मातीतल्या दाण्यांवरच वाकलेले होते, पण त्यांची बोटं थांबली होती.

मी तिला ओंजळ पुढं करायला सांगितली आणि डबा कलता केला. तिची ओंजळ माझ्याहून मोठी निघाली, बरंच मावलं. खरं सांगते, तेही मला आवडलं नाही.